खालच्या वाडीतल्या सात मुली

ही हकीकत मी इतकी वर्षं सांगायची टाळली. गावचे लोक भेटले की आंब्याचं, माशांचं बोलत राहिलो. तुम्ही गावात राहिलेले आणि माझ्यासारखे निघून आलेले, दोघांनीही आता ऐकावं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. देवगडच्या स्टँडवर मी ट्रंक घेऊन मुंबईच्या गाडीची वाट बघत होतो. समोर कोकमाची सोलं विकायला बसलेली पार्वतीबाय मला बघून उठली. "गुरुजी, मे म्हयन्यात परत येतलात मां? पोरी वाट बघतत." मी "होय" म्हटलं. शाळेचा राजीनामा दिलेला होता.

आमच्या गावात त्याआधी दोन वर्षं पालखीच्या मानावरून भांडण पेटलं होतं. वरची वाडी म्हणे खांदा पहिला आमचा, खालची म्हणे आमचा. डोकी फुटली, पोलीस आले, केस उभी राहिली. मग वरच्या वाडीनं, म्हणजे आम्हीच, आमच्यातून जाणारी वाट खालच्या वाडीला बंद केली. शाळा वरच्या वाडीत. खालच्या वाडीनं मुलगे कातळाचा उघडा सडा ओलांडून शेजारच्या गावच्या शाळेत धाडले. मुलींना एवढ्या लांब एकट्या कोण पाठवणार? सात मुली घरी बसल्या. मोठ्यांना मान हवा होता आणि किंमत सहा-सात वर्षांच्या पोरींनी दिली. याची लाज तेव्हा कोणालाच वाटली नाही.

मी त्या शाळेचा मास्तर. पार्वतीबाय तिची मुलगी शेवंती आणि चार बायका घेऊन ओहळापाशी मला गाठायला आली. "पोरींका वाट बंद झाली, तर तुमीच येवा आमच्या खळ्यात. आमी आवशीय बसतलव पाटी घेवन."

शाळा सुटल्यावर मी अकरा दिवस गेलो. अंगणात पुढे मुली, मागे त्यांच्या आया. पार्वतीबाय 'ज' काढताना जीभ बाहेर काढायची आणि शेवंती तिला हसायची, "आये, जीभ आत घे, अक्षर वाकडा येता."

बाराव्या दिवशी आबांनी, माझ्या चुलत्यांनी, बोलावलं. पालखीचे मानकरी तेच. "रे मास्तरा, तेंच्या खळ्यात बसान पाटये पुसतंस? वाडीत रवाचा आसा मां तुका?" आणि लगेच, आवाज खाली आणून, मुंबईला त्यांच्या मेव्हण्याच्या ओळखीनं गोदीत कारकुनाची जागा असल्याचं सांगितलं. मी जायचं थांबलो. खालच्या वाडीला निरोपही दिला नाही.

पुढे तपासणी आली. मुली का येत नाहीत, हे साहेबांनी विचारलं नाही, आबांकडे जेवून गेले. पटावरून सात नावं मी कमी केली आणि कारणाच्या रकान्यात माझ्या वळणदार अक्षरात सात वेळा लिहिलं: पालकांची अनास्था.

ठाण्यात माझा संसार झाला. मुली कॉन्व्हेंटमध्ये गेल्या. एक आता इंजिनीअर आहे. तिच्या कॉलेजच्या अॅडमिशनसाठी मी रांगेत सकाळपासून उभा राहिलो आणि सोसायटीत लोक म्हणाले, मुलींसाठी करावं तर यांनी. मी ते ऐकून घेतलं.

गेल्या वर्षी शाळेच्या अमृतमहोत्सवाला मला पाहुणा म्हणून बोलावलं. एका वक्त्यानं जुनं रजिस्टर उघडून वाचलं आणि म्हणाला, त्या काळी खालच्या वाडीला मुलींच्या शिक्षणाची गोडीच नव्हती, बघा, खुद्द गुरुजींच्या हातचं आहे. लोक माझ्याकडे बघून हसले. मला संताप आला. पण संतापायचं कोणावर? तो बिचारा माझंच लिहिलेलं वाचत होता. माइक माझ्या हातात आला तेव्हा मी आयोजकांचे आभार मानले.

केस कधीच मिटली. दोन्ही वाड्या आता एकत्र पालखी नाचवतात, फोटो व्हॉट्सअॅपवर येतात. त्या सात जणींची वर्षं मात्र कुठल्या तडजोडीत परत मिळाली नाहीत. मला 'गाव कुठलं' विचारलं की मी अजून नाव सांगतो, पण माझ्यासाठी ते आता एक पान आहे, माझ्याच हातानं खोटं लिहिलेलं.

कार्यक्रमानंतर एक बाई चहा घेऊन आली. ती आता शाळेत खिचडी शिजवते. "वळाखलात माका? शेवंती. तुमी 'ट'पर्यंत शिकवलात. फुडची अक्षरा नातीन शिकवल्यान." ती हसली. "आवस मरापर्यंत म्हणी, गुरुजी आजारी पडले आसतले, नायतर येयले आसते."

शेवंती, मी आजारी नव्हतो. घाबरलो होतो, आणि मला नोकरी हवी होती. तुझ्या आईला गोडी नव्हती, हे मी लिहिलेलं खोटं आहे. मला माफ कर. हे सगळं तोंडाशी आलं होतं. ती कप परत घ्यायला हात पुढे करून उभी होती.

मी म्हटलं, "चाय बरी झाली हां."