सिरिल केंडल आणि सहावा दोर

इंग्लंडातल्या आमच्या गावच्या चर्चमध्ये घंटा सहा, वाजवणारे मात्र पाच. बाहेरून येऊन गावात राहिलेल्या, बेकरीतल्या मॅग्डाला सहाव्या घंटेचा दोर हवा होता. पण घंटावाल्यांचा म्होरक्या, माझा शेजारी सिरिल केंडल म्हणाला, "दोर गावच्याच माणसाला. उपऱ्यांना नाही."

मी कुंपणावरून विचारलं, "सिरिल, केंडल गाव कुठं रे?"

"वर, उत्तरेला."

"तिथं राहणाऱ्याला केंडल कोण म्हणेल? तिथं सगळेच केंडलचे! तुझा कुणी पूर्वज इथं आला, तेव्हा आपल्या लोकांनी त्याला ‘तो केंडलचा’ म्हटलं. तुझं आडनाव म्हणजे उपरेपणाचा दाखलाच की!"

सिरिल चहा तसाच टाकून आत गेला.

रविवारी सहाही घंटा वाजल्या. मॅग्डाची जरा मागेच पडत होती.

"अगं, दोर वेळेवर सोड, नाहीतर घंटेच्या झोक्यानं वर ओढली जाऊन छताला लटकशील!" सिरिल ओरडला. "बुधवारी सरावाला ये!"