तापाने गेलेली माणसं

काळाचौकीच्या आमच्या चाळीत अक्षरओळख मला एकट्यालाच, कुशाबाला. म्हणून अठराशे सत्त्याण्णवच्या साथीत वर्तमानपत्र मीच मोठ्याने वाचायचो. "प्लेगचे आजचे बळी इतके." शेजारच्या तुळसाने एकदा विचारलं, "भावजी, मेलेले सगळे बळीत धरतात?" मी शहाणपणा पाजळला, "नाय गो! नावापुढे प्लेग लिहिला तोच बळी. बाकीचे नुसते मयत."

महिन्याभरात तिचा नवरा लवू काखेत गाठ येऊन दोन दिवसांत गेला. प्लेग म्हटला की सरकारी माणसं कौलं उतरवायची, गोधड्या जाळायची, उरलेल्यांना कॅम्पात न्यायची. तुळसाने पदर पसरला. "खोली गेली तर मी जाऊ खंय?" मयतांची नोंद घ्यायला कारकून आला तेव्हा मीच पुढे होऊन म्हणालो, "तापाने गेला." मग चाळच ते शिकली. अकरा माणसं गेली, अकराही तापाने. वा रे ताप!

तुळसाची सहा वर्षांची मालन साथीच्या आधीच आगबोटीने आजोळी पाठवली होती. आता तिला तेवढीच एक उरली. रोज संध्याकाळी विचारायची, "आज किती?" एक दिवस आकडा निम्म्यावर आला. "साथ उतरली गो, आण पोरीला!" मीच म्हणालो. अकरा मढी या तोंडाने दडवली, ती त्या आकड्यात नाहीत, हे माझ्या टाळक्यात शिरलं नाही. छापलेलं होतं ना!

मामाने मालनला आणून सोडलं. आठव्या दिवशी पोरीला गाठ आली. दहाव्या दिवशी ती गेली.

कारकून तोच. त्याने विचारलंही नाही, वहीत लिहायलाच लागला. "ताप..."

"प्लेग लिही, मेल्या!" तुळसा किंचाळली. "आकड्यात घाल माझ्या पोरीला!"

"बाई, कौलं उतरवतील."

"उतरवू देत. त्यांच्याखाली बसून आता कोणाची वाट बघू?"

दुसऱ्या दिवशी तिला कॅम्पात न्यायला आले. बोचकं घेऊन ती माझ्या दारात थांबली. "आज किती?"

"एकोणचाळीस."

"मालन धरली ना त्यात?"

"धरली."

"आणि तिचो बापूस?"

लवू गेला त्या दिवशी कारकुनापुढे माझी जीभ झडली असती तर बरं झालं असतं.