अर्ध्याचं उत्तर

सुट्टीनंतर आज शाळेची संगणकखोली उघडली. दार ढकलताच कोंडलेल्या हवेचा, तापलेल्या प्लॅस्टिकचा आणि यंत्रांवरच्या आच्छादनांत मुरलेल्या दमटपणाचा वास अंगावर आला. भिवंडीतल्या धुळीतही सुताचे तंतू असतात. खिडकीच्या जाळीवर त्यांचा पांढुरका थर साचला होता. तो पुसता पुसता सातवीच्या वर्गाचा काही वर्षांपूर्वीचा एक तास आठवला. तो आठवू नये असं मला वाटतं, आणि विसरू नये असंही.

संगणक तेव्हा नवे होते. व्यवहारी अपूर्णांकाचं दशांशात रूपांतर करताना मुलं दरवर्षी अडखळत, म्हणून मी ठरवलं, हे काम मुलांनीच संगणकाला शिकवायचं. चार ओळींचा प्रोग्राम: अंश विचार, छेद विचार, भागाकार कर, उत्तर दाखव. शिकवता शिकवता त्यांचं त्यांनाच उमजेल, अशी माझी भाबडी आशा. नेमके त्याच दिवशी ही खोली पाहायला पाहुणे आले. त्या गडबडीत मी फळ्यावर ओळी लिहिल्या, मुलांनी त्या उतरवल्या, पडद्यांवर उत्तरं उमटू लागली आणि मी पाहुण्यांना खोली दाखवत फिरू लागले.

वळ गावातून रिक्षाने येणारी, वर्गात फारशी न बोलणारी एक मुलगी उभी राहिली. अर्ध्याचं उत्तर शून्य येतंय, असं तिने सांगितलं. तिच्या पडद्याकडे न बघताच मी म्हणाले, की संगणक चुकत नसतो, सगळ्यांचं आलंय तेच लिही. ती बसली नाही.

“न्हाय बाई. अर्धं म्हंजे काहीतरी हाय. शून्य म्हंजे कायच न्हाय.”

पाहुण्यांतलं कुणीतरी हसलं. माझा आवाज चढला. ज्याला समजत नाही त्याने निदान इतरांचा तास बिघडवू नये, असं मी तिला सगळ्यांदेखत सुनावलं. ती बसली. दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत आली नाही.

त्या आठवड्याच्या शेवटी वह्या तपासायला घेतल्या. अर्ध्याचं शून्य, पाऊणचं शून्य, पाच अष्टमांशाचंही शून्य. एकामागून एक वह्यांत तेच, सुबक अक्षरांत. मग माझी चूक ध्यानात आली. अंश आणि छेद फक्त पूर्ण संख्या आहेत, असं मीच संगणकाला सांगून बसले होते; त्यामुळे तो भागाकारातला एकाहून लहान भाग मुकाट्याने टाकून देत होता. मुलांनी त्याच्यावर विश्वास ठेवला होता, आणि माझ्यावर. तिच्या वहीत मात्र शून्याखाली खोडलेला आकडा पुसट दिसत होता: ०.५. बरोबर उत्तर तिने आधीच लिहिलं होतं. ते मी तिला खोडायला लावलं होतं.

मी वळ गावाला गेले. गोदामांच्या लांबलचक भिंती संपल्यावर मागे तिचं घर होतं. आई अंथरुणाला खिळलेली, वडील गोदामावर पहारेकरी. बायको आजारी, घरी कुणीतरी हवंच. शिवाय पोरगीच म्हणते मला गणित येत नाही, असं ते खाली बघत म्हणाले. ती आईच्या उशाशी उभी होती. मी तिला सांगितलं, “तुझं बरोबर होतं. चूक माझी होती. तुला बोलले, तीही चूकच.”

तिने आईचं पांघरूण सारखं केलं. मग तिने विचारलं, “म्हंजे बाकीच्यांच्या वहीत अजून शून्यच हाय?”

मी होय म्हटलं. वडिलांनी तिच्याकडे पाहिलं. दिवसाची शिफ्ट बदलून रात्रीची घेतो, मग दिवसा मी घरी असेन, असं ते हळूच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी वर्गासमोर मी माझी चूक सांगितली. आम्ही प्रोग्राममधली ती चुकीची ओळ दुरुस्त केली आणि तिने एकेक अपूर्णांक पुन्हा घातला. एक तृतीयांशाला पडद्यावर ०.३३३३ अशी तीनांची लांबच लांब रांग लागली, तेव्हा ती किंचित हसली. तिचं हसणं मी एवढंच पाहिलं. वर्ष संपायच्या आत तिची आई गेली. वडिलांनी तिला गणेशपुरीजवळ मामाकडे धाडलं. शाळा सोडल्याचा दाखला मीच लिहिला. तिने तो दोन्ही हातांनी घेतला, “येते बाई,” म्हणाली आणि वडिलांच्या मागोमाग फाटकाबाहेर पडली.

पुढे ती शिकली की नाही, मला ठाऊक नाही. तिकडून येणाऱ्या माणसांकडे मी चौकशी केली. कुणाला नीट सांगता आलं नाही. आता मुलांच्या हातात कितीतरी हुशार यंत्रं आली आहेत, आणि त्यांचं उत्तर मान्य करायला क्षणही लागत नाही. अशा वेळी एखादं मूल चाचरत उभं राहिलं, तर मी हातातलं काम ठेवते आणि त्याच्याजवळ जाऊन बघते. बहुतेकदा मूलच चुकलेलं असतं. तरीही जाते. शाळेने तिला फार काही दिलं, असं म्हणायची माझी छाती नाही. पण आपण बरोबर होतो आणि हे सांगायला बाई आपल्या दारात आल्या होत्या, एवढं तरी तिच्यापाशी उरलं असेल, अशा आशेवर मी अजून शिकवते आहे.