सिप्रियनने वाटलेली माफी

वसईचा सिप्रियन दुबईत, जबल अलीच्या एका गोदामात सुपरवायझर. कंटेनर उघडायच्या आधीच आत काय आहे ते सांगायची त्याला खोड. मग एकदा उजवा हात बधिर झाला, एमआरआय झाला आणि रिपोर्टात ‘ट्यूमरची शक्यता’ दिसली, तेव्हाही मेंदूच्या डॉक्टरांना भेटण्याआधीच गड्याने ‘शक्यता’ गाळून स्वतःला खलास जाहीर केलं.

मनात किल्मिष ठेवून जाऊ नये, म्हणून अल कुसैसच्या त्याच्या घरी रोझरीची, म्हणजे सगळ्यांनी जमून जपमाळेची प्रार्थना करायची, पाळी होती तेव्हा तो उभा राहिला आणि जमलेल्या एकेकाला माफ करत सुटला. बायका डोळे पुसत होत्या. शेवटी तो मेव्हण्याकडे वळला.

“डॅरिल, इतकी वर्षं तू चर्चच्या क्वायरमध्ये बेसूर गातोस. तेही मी माफ केलं!”

डोळे पुसणारे रुमाल जागच्या जागी थांबले.

पुढच्या आठवड्यात डॉक्टर विभावरींनी स्क्रीनवर बोट ठेवलं. “गाठीची कड बहुधा पूर्ण गोल उजळते. ही एका बाजूने उघडी आहे, घोड्याच्या नालेसारखी. नसांवरचं आवरण झिजून सूज आलेली दिसतेय. पाठीतलं पाणी तपासू, स्टेरॉइड देऊ, पुन्हा स्कॅन करू. डोकं उघडायची घाई नको.”

त्याची बायको एमिली आनंदाने रडली. सिप्रियनचे कान लाल झाले.

“तोंड का पाडलंस?” ती म्हणाली. “जगणार आहेस!”

“तेच तर. डॅरिलला कोणत्या तोंडाने भेटू?”

सूज उतरली, हातात जीव आला. डॅरिलची क्वायरमधली जागा मात्र रिकामीच. दर रविवारी सिप्रियन ती बघायचा आणि मान खाली घालायचा. अखेर तो मेव्हण्याच्या दारात उभा राहिला.

“मरणारा माणूस खरं बोलतो म्हणे, भाओजी,” डॅरिल म्हणाला.

“मी मरत नव्हतो रे.”

“म्हणजे खोटं होतं?”

सिप्रियनने चपलांकडे पाहिलं. “खरं होतं. पण ती माफी द्यायची नव्हती, मागायची होती. तू परत ये.”

“येतो. पण हिशेब तिथेच फिटेल. सगळ्यांसमोर.”

पुढच्या रोझरीला डॅरिल उभा राहिला. “आमच्या भाओजींना मी माफ करतो. पेटी न उघडता आतला माल सांगतात, त्याबद्दल!” घर हसून हसून लोळलं. मग त्याने गाणं धरलं, नेहमीसारखं भलत्याच वरच्या पट्टीत. सिप्रियनने मान खाली घातली आणि, गळा फाटेपर्यंत, त्याच पट्टीत साथ दिली.