काचेआडचं ऊन

रफूवाल्या काकूंचा उन्हावर भारी राग. भांडून गेलेल्या शेजारणीला त्यांनी चार दिवसांत माफ केलं असतं, पण उन्हाला नाही. लग्नानंतर पहिल्याच वर्षी एका गिऱ्हाइकाचा निळा कोट त्यांनी खिडकीत टांगला आणि त्याची एक बाही पार आकाशी होऊन बसली. त्या दिवशी कामाच्या खोलीला जे जाड पडदे लागले, ते तीस वर्षं हलले नाहीत.

काम तसं नजरेचंच. कोटाच्या आतल्या शिवणीतून धागा काढायचा, दिव्याखाली भिंग धरून एकेक उभा-आडवा विणायचा, की भोक कुठे होतं ते मालकालाही सापडू नये. नणंद आली की दारातूनच म्हणायची, "वहिनी, बोलत राहा गं, म्हणजे पांढरी भिंत कुठली आणि तू कुठली ते कळतं!"

काकूंची लेकही गेली नऊ वर्षं शेजारच्या स्टुलावर बसून हेच करत होती. तिचाही रंग आईवरच चालला होता.

मग काकूंची हाडं दुखायला लागली. जिना चढताना त्या कठड्याला अशा बिलगायच्या, की जणू माहेरचं माणूस भेटलंय. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. ड जीवनसत्त्व आठ. वीसच्या वर तरी हवं. "गोळ्या लिहून देते, आणि रोज अर्धा तास उन्हात बसा."

गोळ्या काकूंनी बटणांच्या डब्यात टाकल्या. ऊन असताना गोळी कशाला? ऊन मात्र इमानेइतबारे घेतलं. पडदा वीतभर सरकवायचा, खुर्ची ओढायची, बाह्या वर करून बसायचं. घाम यायचा, म्हणजे लागू पडत असणार.

तीन महिन्यांनी आकडा नऊ. आणि मानेला, जबड्याखाली, बोराएवढी गाठ. दुखत नव्हती, म्हणून काकूंनी कुणाला सांगितली नव्हती. डॉक्टरीणबाईंच्या बोटांना ती आपणहूनच सापडली.

"उन्हात कुठे बसत होतात?"

"खिडकीत."

"काच उघडी ठेवून?"

"छे! धूळ येते कपड्यांवर."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "काकू, ज्या किरणांनी ड तयार होतं, ते काच अडवते. तीन महिने तुम्ही नुसत्या तापलात."

सोबत आलेली लेक खुदकन हसली. काकू हसल्या नाहीत. गाठीचा तुकडा तपासायला गेला आणि दहा दिवसांनी निकाल आला: लिम्फोमा. शरीरात ठिकठिकाणी असतात त्या लसिकाग्रंथींचा कॅन्सर.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी इंजेक्शनांच्या सहा फेऱ्या सांगितल्या. काकूंनी ऐकून घेतलं, आणि लेकीला मुद्दाम पाणी आणायला बाहेर पिटाळलं.

"डॉक्टर, हे अंधारात बसून झालं का? खरं सांगा. ती पोरगी नऊ वर्षं माझ्याच खोलीत आहे."

डॉक्टर म्हणाले, "माहीत नाही, काकू. काही अभ्यासांत दिसतं, की ड कमी असलेल्या काही रुग्णांना उपचार कमी लागू पडतो. पण कमी ड मुळे आजार होतो, असं सिद्ध झालेलं नाही. आजारी माणूस घरात बसतो, मग त्याचं ड उतरतं, असंही असेल. मुलीला हे होईल, असं मी म्हणणार नाही. पण हाडांसाठी तरी तिचं रक्त तपासून घ्या."

लेकीचा आकडा अकरा निघाला.

त्या संध्याकाळी काकूंनी बटणांचा डबा उपडा केला, गोळ्या वेचल्या आणि लेकीच्या आणि आपल्या, अशा दोन डब्या केल्या. पण त्याआधी त्या दोघींचे तपासणीचे कागद डॉक्टरीणबाईंना दाखवून, कुणी किती घ्यायच्या ते विचारून आल्या होत्या. या बाबतीत आता स्वतःची अक्कल वापरायची नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. पडदे मात्र काढले नाहीत. कपड्यांचा काय दोष?

घड्याळात साडेदहा झाले की लेकीची हकालपट्टी.

"आई, हातात कोट आहे!"

"कोट कुठे पळत नाही. गच्चीवर हो."

नणंद म्हणाली, "पोरीला वाळवणासारखी टाकतेस की गं!"

चौथ्या फेरीपर्यंत काकूंचे केस गेले होते, गाठ बोटाला लागत नव्हती, आणि पुढचं तपासणीशिवाय कुणी बोलत नव्हतं. एका सकाळी लेक गच्चीवरून खाली आली आणि कामाला बसण्याआधी तिनं घड्याळ काढून ठेवलं. काकूंनी तिचा हात दिव्याखाली ओढला, भिंग लावलं. मनगटावर घड्याळाएवढा पांढरा पट्टा. बाकीचा हात गव्हाळ.

"रंगात फरक आलाय," काकू म्हणाल्या.

"मग? रफू करणार का?"

काकूंनी भिंग जरा जवळ नेलं. "नको. असू दे तसाच."