बर्फवाल्याच्या शटरची स्प्रिंग

आगरदांड्याला जेट्टीजवळ बर्फवाल्याच्या दुकानाच्या शटरला स्प्रिंग घातली, ते आम्हा नवराबायकोचं शेवटचं काम. ही स्प्रिंग म्हणजे पोलादाची लांब पट्टी, जिलबीसारखी गुंडाळून डब्यात बसवलेली. आतलं टोक शटरवरच्या आडव्या पाईपला, बाहेरचं डब्याला. टोकं तेवढी लाल तापवून वळवायची. सगळी पट्टी तापली तर तिच्यातला जोर मेला. मग पान्याने पाईप फिरवून पीळ द्यायचा. त्या जोरावर शटर वर जातं. खाऱ्या वाऱ्याने पट्ट्या तुटतात, त्यावर आमचं पोट चाललं.

पाना दोन हात लांब. मी फिरवायचा, तिनं दाबून धरायचा, मी पाईप जखडणारे नट आवळायचे. सहा फेरे झाले आणि ती म्हणाली, "अवो, दम लागलाय. हात सुटंल माझा."

"म्हातारी झालीस."

"तुमी काय नवरदेव हाव? बांधा दोरीनं. उद्या करू."

तेव्हाच दवाखान्यात न्यायला हवं होतं. मी दोरी शोधत होतो. नट अर्धेच आवळलेले. पाना बांधला, घरी आलो. दिवेलागणीला चहा ठेवताना ती खाली बसली, ती उठलीच नाही.

मुलगी पनवेलहून यायची म्हणून मयत रात्रभर घरातच ठेवलेलं. घरात रडणं, आणि माझ्या डोक्यात तो पाना. बर्फवाला सकाळच्या पहिल्या बोटीने दिघीहून येणार, शटर उचलणार. धक्क्याने दोरी तुटली की पाना त्याच्या कपाळात. फोन लावले, उचलेना. उजाडताच पिशवी घेतली.

मेव्हणा आडवा आला. "दाजी, माझी बहीण अजून घरात हाय. आन तुमी कामाला?"

"काम न्हाय. माणूस मरंल तिकडं."

"लोक थुकतील."

"थुकू दे. बाजूला हो."

शिडी तिथंच होती. वर चढून पान्याखाली पाठ लावली, दोरी कापली. सगळा जोर अंगावर आला. नट सैल करायचे, पाव फेरा सोडायचा, पुन्हा आवळायचे. चौथ्या फेऱ्याला पाना घसरला, हनुवटी फुटली. वाटलं, द्यावा सोडून, लागू दे मलाच. तेवढ्यात बोटीचा भोंगा झाला. धरून राहिलो.

पट्टी सैल पडली तेव्हा बर्फवाला खाली उभा. "काका, एकटेच? काकी कुठाय?"

"दुकान राहू दे आज," म्हटलं. "चल घरी. खांद्याला माणूस कमी हाय."