वैशाली कुठे झोपायची

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. भावाशी नाही, आईशी तर नाहीच, आणि आता आई राहिलीही नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित जमेल. की हेही निमित्तच?

अल्फारेटातल्या मराठी लोकांत माझी गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. नागपूरची घटस्फोटित बाई, मी अमेरिकन सिटिझन; ती ग्रीनकार्डासाठी माझ्याशी लग्न करून आली, पकडली गेली, परत गेली. बिचारा मी. त्या वर्षी इथल्या मराठी मंडळातल्या बायका मला डबे आणून द्यायच्या. मी ते खायचो — चवीने खायचो, हेही सांगतो.

माझंही ते दुसरंच लग्न. वैशाली शाळेतली नोकरी सोडून आली. आई तेव्हा माझ्याकडे होती आणि सगळं विसरायला लागली होती. रात्री उठून दार उघडायची, पुण्याला निघायची. वैशालीला येऊन महिना होत होता — तिने आपली गादी उचलली आणि आईच्या पलंगाशेजारी जमिनीवर टाकली. मी सांगितलं नव्हतं. अडवलंही नाही. माझी झोप नीट होत होती ना.

लग्न करून येणाऱ्याला पहिलं कार्ड दोन वर्षांचं मिळतं. मग नवरा-बायकोने मिळून अर्ज करायचा, लग्न खरं आहे हे दाखवायचं, की ते कायमचं होतं. आम्ही दोघांनी मिळून तो अर्ज केला. तोवर माझ्या मनात काही नव्हतं. मग तिला एका डेकेअरमध्ये काम मिळालं. आईंसाठी दिवसा कुणी बाई ठेवू, म्हणाली. मी नाही म्हटलं. तिने ऐकलं नाही. भांडली असती तरी चाललं असतं. शांतपणे ऐकलं नाही, त्याचाच राग आला. त्यात मंडळाच्या पॉटलक जेवणाला एक मित्र म्हणाला, "वहिनींचं पक्कं कार्ड येतंय ना? मग आता भांडी तुझ्याकडे, यार." सगळे हसले. मीही हसलो. पण ते डोक्यातून जाईना — हिला आता माझी गरज उरणार नाही. संशय नव्हता, बरं का. संशय असता तर आज मला थोडं तरी हलकं वाटलं असतं.

अर्जाच्या इंटरव्ह्यूला इमिग्रेशनच्या अधिकाऱ्याने आम्हाला वेगवेगळं बोलावलं. आधी मला. एका खोलीत झोपता का? मी म्हटलं, नाही. कधीपासून? ती आल्यावर महिन्याभरातच. का? मी खांदे उडवले — तिलाच विचारा, म्हटलं. ती कार्डासाठी आली असं वाटतं का? मी हो म्हटलं.

परत येताना गाडीत तिनेच विषय काढला. "अहो, झोपण्याचं विचारत होता तो. मी सांगितलं, एकाच खोलीत."

"असं का सांगितलंस?"

"मग काय सांगू? नवऱ्यापासून वेगळी झोपते म्हणून? परक्या माणसापुढे तुमची शोभा?"

पुढच्या सिग्नलला यू-टर्न होता. माझं खरं आणि तिचं खोटं शेजारी शेजारी ठेवलं की त्या माणसाला काय दिसणार, हे मला त्याच क्षणी कळलं होतं. मी "बरं केलंस" म्हटलं आणि हायवेला लागलो.

अर्ज नामंजूर झाला. लग्न बनावट ठरलं. तिच्या वकिलाचे फोन यायचे — आईच्या आजारपणाबद्दल दोन ओळी लिहून द्या, पुढचं आम्ही बघतो. मी फोन उचलणं बंद केलं. वैशाली नागपूरला गेली. तिथे माहेरी ‘कार्डासाठी लग्न केलं’ हे कारण आधीच पोचलं होतं. कुणी पोचवलं? तिच्या भावाला मीच कळवलं होतं, अगदी दुखावलेल्या आवाजात. आई पुढे कितीतरी दिवस पलंगावरून हात खाली सोडून जमीन चाचपायची. मी तो हात उचलून पांघरुणात ठेवायचो.

गेल्या महिन्यात एका ओळखीच्यांचा मुलगा आला. लग्न ठरतंय, मुलगी साताऱ्याची. घरच्यांनीच त्याला माझ्याकडे धाडलेलं. "काका, वाईट वाटून घेऊ नका, पण तुम्हाला आधी काहीच कसं जाणवलं नाही? ओळखायचं कसं?" त्याने फोनवर तिचा फोटो दाखवला. मी चष्मा लावून नीट पाहिला. साधी मुलगी होती, कुणाच्या तरी लग्नात पंगतीला वाढत असलेली. वैशाली कार्डासाठी आली नव्हती — एवढं एकच वाक्य बोलायचं होतं. खोलीत आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, "फार साध्या दिसतात ना, त्यांच्यापासून जप."

त्याने मान डोलावली आणि फोन खिशात ठेवला.